एका वेळी एकच

तानूबाई. सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, नोएडातल्या ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर, बत्रासाहेबांनी टेबलावर सरकवलेल्या कागदावर पद्माकरनं हे नाव वाचलं आणि कपाकडे निघालेला त्याचा हात मध्येच थांबला. त्यागी, शर्मा, चौहान, परत त्यागी, अशा ओळीत इंग्रजी टाइपातलं हे नाव परक्या लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखं उभं होतं. वय एकसष्ट, स्त्री, गाझियाबाद. दिल्लीत येऊन त्याला बावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात इकडे त्याला कुणी तानूबाई भेटली नव्हती. मिरजेला लहानपणी त्यांच्याकडे धान्य निवडायला एक तानूबाई यायच्या. सुपातले खडे वेचून त्या एका वाटीत टाकायच्या आणि काम संपलं की वाटी त्याच्यापुढे धरून म्हणायच्या, मोज. तो मोजायचा. बाईंची नजर एवढी पक्की की त्या काळात जेवताना दाताखाली कधी खडा आल्याचं त्याला आठवत नव्हतं. आता एवढ्या वर्षांनी त्या नावाभोवती लाल पेनानं गोल काढलेला होता आणि गोलाबाहेर बत्रासाहेबांच्या घाईच्या अक्षरात एकच शब्द होता, एक्सपायर्ड. एसीचा वारा नेमका मानेवर येत होता. चहा तसाच राहिला.

झालं होतं ते असं. गाझियाबादच्या एका खाजगी प्रयोगशाळेत रक्त तपासायची यंत्रं होती, आणि यंत्रांतून निघालेले आकडे घेऊन त्यांचा छापील रिपोर्ट करायचं काम ह्यांच्या कंपनीचा प्रोग्राम करायचा. दहा दिवसांपूर्वी सकाळी अकरा बेचाळीसला एकाच सेकंदात दोन रिपोर्ट तयार झाले. एक कुणा त्यागी नावाच्या शाळामास्तराचा, दोन दिवस उलट्या होऊन रक्तातलं पोटॅशियम पार उतरलेलं. दुसरा तानूबाईंचा. दोन्ही रिपोर्ट शेवटच्या दशांशापर्यंत एकसारखे होते. नावं दोन आणि रक्त एकच. तानूबाईंच्या किडन्या थकल्या होत्या, त्यांचं पोटॅशियम आधीच धोक्याच्या वर गेलेलं होतं आणि यंत्राच्या स्वतःच्या नोंदीत तो आकडा अजून जसाच्या तसा होता. कागदावर मात्र मास्तरचा आकडा उतरला. डॉक्टरनं कागदावर विश्वास ठेवला आणि सलाइनमधून पोटॅशियम द्यायला सांगितलं. दुपारी बाईंचं हृदय बंद पडलं. बत्रासाहेब हे सगळं अशा आवाजात सांगत होते, ज्यात आपण सोडून बाकी सारी दुनिया निष्काळजी असते. नवा प्रोग्राम ऑफिसातल्या विनया नावाच्या पोरीनं लिहिलेला, तेव्हा चूक विनयाची, ह्याबद्दल त्यांना शंका नव्हती. उद्या दुपारच्या मीटिंगमध्ये प्रयोगशाळेच्या लोकांपुढे ती चूक नेमकी कुठे आहे हे दाखवायला एक जुनाजाणता माणूस हवा होता, एवढंच. पद्माकर जी, आप सबसे सीनियर हैं, आप देख लीजिए, असं म्हणून ते उठले आणि गेले.

बघण्यासारखं काही नव्हतं. कागद वाचतानाच पद्माकरला कळलं होतं. विनयाचा प्रोग्राम नुसता वरचा होता. त्याच्या खाली, तळाशी, पद्माकरची लायब्ररी होती. पंच्याण्णव साली, ऑफिस ओखल्याच्या एका तळघरात असताना, त्यानं तीन महिने खपून ती सी भाषेत लिहिली होती. बाहेर जो तो परदेशी गाड्यांची आणि केबल टीव्हीची भाषा बोलत होता, आणि तळघरात पद्माकर एका जर्मन यंत्राला बोलतं करत होता. यंत्र आकड्यांचा नुसता गोंधळ ओकायचं. त्या गोंधळातून सोडियम कुठलं, पोटॅशियम कुठलं, हे ओळखून एका ओळीत नीट लिहून द्यायचं काम ती लायब्ररी करायची. ती एकदा कंपाइल केली, म्हणजे मशीनच्या भाषेत दळून काढली, की पुढे कुणाला ती वाचायची गरज नव्हती. हाक मारायची आणि उत्तर घ्यायचं. वरचे प्रोग्राम बदलत गेले, भाषा बदलल्या, ऑफिस ओखल्याहून नोएडाला आलं, साहेब चार झाले. आता पोरं पायथनमध्ये लिहायची, पत्र लिहावं इतकं सोपं, पण यंत्राशी बोलायची वेळ आली की त्यांनाही खाली उतरून ती जुनी लायब्ररीच उचलावी लागायची. एकोणपन्नासाव्या वर्षी ऑफिसात पद्माकरकडे स्वतःचं असं एवढंच उरलं होतं. बायकोपाशीसुद्धा तो तिच्याबद्दल कधी बोलला नव्हता, पण रोज सकाळी चार्टर्ड बसमधून उतरताना, ह्या इमारतीत आपली एक वस्तू अजून चालू आहे, ह्या विचारानं त्याची पाठ जराशी ताठ व्हायची.

तिच्यात उत्तर लिहून ठेवायची जागा एकच होती. ओखल्याला यंत्र एक, कॉम्प्युटर एक, एका वेळी नमुना एक. दुसरी जागा हवी कशाला? गाझियाबादेतल्या वैशाली वसाहतीत त्याच्या फ्लॅटमध्ये दाराजवळ एक पाटी टांगलेली होती, तसंच ते. बायको कुमुद तिच्यावर दूधवाल्यासाठी लिहायची, मुलगी वैभवी क्लासहून यायला उशीर होणार असला की लिहायची, आणि जो लिहील तो आधीचं पुसून लिहायचा. घरात तिघंच, त्यामुळे निभावत होतं. विनयाच्या नव्या प्रोग्रामात मात्र एकाच वेळी राबणारे आठ हात होते. त्यांना थ्रेड म्हणतात. पायथन तसा सावध, तो स्वतःच्या घरात एका वेळी एकाच हाताला हलू देतो, त्यासाठी त्याच्याकडे एक कुलूप असतं. पण काम सी-च्या लायब्ररीकडे सोपवताना तो ते कुलूप सोडून देतो. खालचं खालच्यानं बघावं असा त्याचा हिशेब. मग दोन हात एकदम खाली उतरू शकतात. पहिल्यानं पाटीवर तानूबाईंचे आकडे लिहिले, ते वाचून वर न्यायच्या आत दुसऱ्यानं ते पुसून मास्तरचे लिहिले, आणि मग दोघांनी वाचून नेलं ते एकच. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा खेळ. जानेवारीपासून मेपर्यंत तो किती वेळा होऊन गेला असेल आणि किती घरांत कुणाचं कोणतं रक्त जाऊन पडलं असेल, ह्याचा विचार पद्माकरनं सुरू केला आणि लगेच थांबवला.

थांबवला, कारण त्याच्या मागे दुसरी आठवण उभी होती, आणि ती जास्त वाईट होती. विनया पहाडगंजात वाढलेली. वडिलांचं तिथे घड्याळदुरुस्तीचं दुकान, शिक्षण मराठी शाळेत, आणि दोन वर्षांपूर्वी ते लोक वैशालीला राहायला आले. संक्रांतीला पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, तिकडच्या महाराष्ट्र मंडळाची बस जाते, त्या बसमध्ये तिची आणि पद्माकरच्या घरच्यांची ओळख झाली. थंडीनं काकडत सगळे त्या स्तंभापाशी उभे होते आणि ही पोरगी डब्यातून तिळगूळ वाटत होती. त्याच्या हातावर ठेवताना, घ्या काका, म्हणाली. नंतर ती ह्याच कंपनीत लागली. ऑफिसात ती त्याला सर म्हणायची आणि संध्याकाळी बसमध्ये पाय ठेवला की काका. हा बदल ती एवढ्या सहज करायची, की पद्माकर मनात त्याची वाट बघायचा. गेल्या सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी, बस हायवेच्या सिग्नलला अडकलेली असताना, शेजारी बसलेल्या विनयानं मांडीवरची वही उघडून त्याला विचारलं होतं.

"काका, पायथन सी-मध्ये जाताना लॉक सोडून देतो. म्हणजे दोन थ्रेड एकदम तुमच्या लायब्ररीत जाऊ शकतात. आतमध्ये काही कॉमन नाही ना?"

"बिल्कुल नाही."

"पक्कं? मग मी माझ्या बाजूनं लॉक नाही लावत. लावला की सगळं स्लो होतं, आणि बत्रासर ओरडतात."

"अकरा वर्षं चालतेय ती," पद्माकर म्हणाला. "कधी एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही."

तिनं सोर्स बघायला मिळेल का म्हणूनही विचारलं होतं. सोर्स म्हणजे त्यानं हातानं लिहिलेला मूळ मजकूर, दळण्याआधीचं धान्य. तो ओखल्याहून सामान हलवताना हरवला, असं त्यानं सांगितलं. सर्व्हरवरचा हरवला होता हे खरं, पण त्याची एक प्रत फ्लॉपीवर घरच्या लोखंडी कपाटात होती आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग खोटं का बोलला? तरुणपणी लिहिलेली पत्रं कुणी सव्वीस वर्षांच्या पोरीनं वाचावीत, तशी त्याला लाज वाटली असावी. त्या मजकुरात कोलांट्या होत्या, ठिगळं होती, घाईनं ठेवलेली बावळट नावं होती. ती सगळं बघून गालातल्या गालात हसली असती. आणि शिवाय, किती वर्षांनी कुणीतरी त्याला त्याच्या स्वतःच्या कामाबद्दल विचारत होतं. आतमध्ये काही कॉमन नाही ना, ह्या प्रश्नावर त्याच्या डोक्यात काहीतरी हललं होतं, पाण्याखालून मासा जावा एवढंच. तळघर, ट्यूबलाइट, त्याखालची एक ओळ. पण पोरगी त्याच्याकडे विश्वासानं बघत होती, मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत होते, आणि बिल्कुल नाही हे शब्द तोंडातून आधीच निघून गेले होते. पुढच्या आठ महिन्यांत त्यानं ती फ्लॉपी एकदाही काढून बघितली नाही. बघावंसं वाटलं होतं, दोनतीनदा तरी वाटलं होतं, पण नाही बघितली.

त्या सोमवारी तो घरी आला, बूट न काढता कपाटापाशी गेला आणि खालच्या कप्प्यातून रेशनकार्डाची, एलआयसीची पाकिटं उपसू लागला. कुमुद कणकेचा हात घेऊन दारात उभी राहिली आणि काय हरवलं म्हणून विचारू लागली. तो म्हणाला, काही नाही, ऑफिसचं आहे. बाहेर लू, दिवसभराचा तो भाजणारा वारा, थांबून आता नुसता उकाडा उरला होता, सोसायटीचा जनरेटर भरडत होता, समोरच्या अर्धवट टॉवरवर मजुरांच्या चुली पेटल्या होत्या. फ्लॉपी मिळाली. तिच्यावरच्या चिकटपट्टीवर त्याच्याच अक्षरात तारीख होती, आणि ते अक्षर आताच्यापेक्षा पुष्कळ चांगलं होतं. कुमुदनं दोन्ही हात पदराला पुसले आणि विनयाबद्दल काहीतरी सांगायला लागली: तिची आई सकाळी भाजीच्या ठेल्यावर भेटली होती, मुलीसाठी नागपूरचं एक स्थळ आलंय म्हणत होती, मुलगा चांगला आहे, पण त्यांना नोकरी करणारीच हवी आहे. पद्माकरनं मान हलवली. रात्री त्यानं ताट अर्धंच टाकलं आणि कुमुदला वाटलं भाजीत मीठ कमी पडलं.

मंगळवारी सकाळी इतरांच्या आधी जाऊन त्यानं स्टोअरमधलं एक जुनं मशीन लावलं, फ्लॉपी घातली आणि मजकूर पडद्यावर आणला. त्याआधी त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहिला होता: दोन हातांनी लायब्ररीला एकदम हाक मारायची, एक लाख वेळा, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळालं की मोजायचं. अकरा. परत चालवला. नऊ. परत तेरा. वाटीतले खडे मोजल्यासारखे त्यानं ते मोजले. मग तो मजकुरात ती एकच जागा शोधत खाली गेला, दीड हजाराव्या ओळीच्या आसपास, आणि तिथे पोचल्यावर त्यानं हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले. त्या जागेच्या बरोबर वर एक टीप होती. रोमन अक्षरांत, पण मराठीत, कारण तळघरात तेव्हा दुसरं कुणी मराठी नव्हतं आणि ती त्यानं स्वतःसाठीच लिहिली होती: EKA VELI EKACH. NAHITAR GHOTALA HOIL. एका वेळी एकच, नाहीतर घोटाळा होईल. अशा टिपा माणसांसाठी असतात. मशीन दळताना त्या गाळून टाकतं, म्हणून तयार झालेल्या लायब्ररीत त्यांचा मागमूस राहत नाही. बारा वर्षं ती ओळ लोखंडी कपाटात रेशनकार्डाखाली पडून होती आणि ती जगात एकाच माणसाला माहीत होती. आता मीटिंगमध्ये हे सांगायचं, त्यानं ठरवलं. खरोखर ठरवलं. दोन वाक्यांचं काम होतं: चूक माझ्या लायब्ररीत आहे, आणि तिनं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. दोन्ही वाक्यं त्यानं हिंदीत मनाशी जुळवून ठेवली, आणि जेवणाच्या सुट्टीत राजमा-चावलपुढे बसून परत परत म्हणून बघितली.

मीटिंगला पाच जण होते. बत्रासाहेब, प्रयोगशाळेचे दोघे, विनया आणि तो. विनयाचा चेहरा उतरला होता, पण तिनं केस नीट बांधले होते आणि वही आणली होती. प्रयोगशाळेच्या माणसानं दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. मग पद्माकर बोलायला लागला, आणि नेमक्या त्याच क्षणी विनयाही. दोन आवाज एकमेकांत मिसळले, कुणाचंच काही कळलं नाही आणि दोघंही थांबले.

"एक-एक करके," बत्रासाहेब कपाळाला आठी घालून म्हणाले. "पहले कौन?"

पद्माकरनं विनयाकडे हात केला. बसमध्ये लेडीज सीटपाशी बायकांना वाट द्यावी, तसा आपसूक झालेला तो हात होता, आणि त्यात वाईट हेतू नव्हता हे तो पुढे पुष्कळ दिवस स्वतःला समजावणार होता. पण हात खाली येईपर्यंत त्याला छातीत एकदम हलकं वाटलं. परीक्षेत आपला नंबर पुढे ढकलला गेला की वाटतं तसं. त्या हलकेपणाची त्याला तिथल्या तिथे किळस आली.

विनया सरळ बोलली. थ्रेड तिनं घातले होते, लॉक लावला नव्हता. "क्योंकि मैंने सर से पूछा था," ती म्हणाली. "सर ने कहा था, अंदर कुछ कॉमन नहीं है।"

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. बत्रासाहेबांनी तर जरा पुढे वाकूनच बघितलं. ह्या वयाचा माणूस कंपनीला कशाला हवा, हा प्रश्न त्या डोळ्यांत गेलं वर्षभर होताच. जुळवून ठेवलेली दोन वाक्यं पद्माकरला शोधून सापडेनात. त्यांच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं.

"पूछा होगा," तो म्हणाला. "मुझे याद नहीं।"

विनयानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. तिचे वडील दुकानात, डोळ्याला भिंग लावून, बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरून थांबतात, तशी ती थोडा वेळ थांबली. मग तिनं वही मिटली आणि लॉक लावणं माझं काम होतं, असं म्हणाली. ते तसंच लिहून घेतलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून यायची गरज नाही, असं तिला संध्याकाळच्या आत कळवलं गेलं, आणि ह्या धंद्यात अशी गोष्ट नोएडाहून गुडगावला पोचायला आठवडा लागत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी बसमध्ये ती पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. पद्माकर मागे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठे फलक होते, त्यांवर तलाव, हिरवळ आणि हसरी कुटुंबं, आणि फलकांच्या मागे नुसती खणलेली माती. वैशालीच्या वळणावर ती उतरायला उठली, पण दाराकडे न जाता मागे त्याच्यापर्यंत आली, दांडा धरून उभी राहिली.

"सर, एकच विचारते. त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

बसमध्ये तिनं त्याला पहिल्यांदाच सर म्हटलं होतं. पद्माकर म्हणाला, "विसरलो होतो." ते खरं होतं की नव्हतं, हे त्याला सांगता आलं नसतं. विसरायला आठ महिने त्यानं मदत केली होती एवढं मात्र नक्की.

"अच्छा," विनया म्हणाली, आणि उतरली.

बुधवारी त्यानं लायब्ररी दुरुस्त केली. जो हाक मारेल त्याला ज्याची त्याची वेगळी जागा द्यायची, बस्स. वीस मिनिटंही लागली नाहीत. लाख वेळा चालवून बघितलं, शून्य. दहा लाख वेळा, शून्य. घरी जुने कागद चाळताना मूळ मजकूर सापडला असं त्यानं बत्रासाहेबांना सांगितलं आणि ते इतके खूश झाले की त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, सगळ्यांच्या देखत पुराना सोना म्हणाले. आता हा मजकूर सर्व्हरवर ठेवायचा होता, म्हणजे पुढे कुणालाही तो वाचता येणार. पद्माकर दीड हजाराव्या ओळीशी आला. आता जागा एक राहिली नव्हती, तेव्हा ती टीपही आता लागू नव्हती; जुनी, निकामी टीप काढून टाकणं ही चांगली सवय आहे असंच कुठलंही पुस्तक सांगेल. त्यानं तेवढी ओळ निवडली. ती काळी झाली. पंच्याण्णव सालचा तो माणूस, तळघरात डोळे ताणून बसलेला, स्वतःच्याच भाषेत स्वतःला बजावणारा, तो निदान खोटा नव्हता. पद्माकरला त्याचा हेवा वाटला, आणि मग त्याची भीती वाटली. त्यानं ओळ काढून टाकली, फाइल सर्व्हरवर चढवली, आणि घरी जाऊन फ्लॉपीची पत्र्याची झडप उचकटून आतली काळी चकती कात्रीनं कापली. कुमुद तेव्हा देवळात गेली होती.

शुक्रवारी दुपारी खालून फोन आला. तानूबाईंचा मुलगा आला होता. प्रयोगशाळेनं त्याला इथला पत्ता दिला होता, आणि चूक इथल्या एका मुलीची आहे असंही सांगितलं होतं. बत्रासाहेब पद्माकरच्या टेबलापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आपका आदमी है। आप बात कर लीजिए।"

त्याचं नाव युवराज. वय तिशीचं, विट्याकडचा. त्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामासाठी, हिंदुस्थानभर पसरलेली असतात. हा गाझियाबादच्या सराफ बाजारात काकाच्या भट्टीवर होता. दाढीचे खुंट वाढलेले, डोक्यावर नव्यानं उगवलेले बारीक केस, हातांची बोटं आम्लानं पिवळी पडलेली. रिसेप्शनच्या गुबगुबीत कोचावर तो अगदी कडेला बसला होता. पद्माकरनं मराठीत, या, असं म्हटल्यावर त्याचे डोळे एकदम भरून आले. पद्माकर त्याला छोट्या मीटिंगच्या खोलीत घेऊन गेला, पाणी दिलं. आई गुडघेदुखीनं त्रासली होती, पाय सुजत होते, म्हणून चांगला डॉक्टर बघायला त्यानंच तिला गावाहून आणलं होतं, असं त्यानं सांगितलं. भांडायला तो आला नव्हता. त्याला फक्त कळून घ्यायचं होतं.

"सायेब, इथं जो तो विंग्रजीत सांगतोय. मला कळंल असं सांगा. काय झालं?"

पद्माकरनं सांगितलं. थ्रेड, लायब्ररी, कुलूप ह्यातलं काही न आणता, दाराजवळची पाटी सांगितली. दोघांनी एकदम लिहिलं, एकाचं पुसलं, दुसऱ्याचं दोघांनी वाचलं. बोलताना आपल्या आवाजाचं त्याला आश्चर्य वाटत होतं. इतकं स्वच्छ त्याला कधीच कुणाला समजावता आलं नव्हतं. युवराज खाली बघून ऐकत होता, आणि संपल्यावर त्यानं लगेच मान हलवली.

"म्हंजी दोन गिऱ्हाइकांचं सोनं एका मुशीत गेलं," तो म्हणाला. "आमच्यात एका वेळी एकच मूस. एकाचं गाळून, तोलून, त्याच्या हातात दिल्याबिगर दुसऱ्याचं घ्यायचं न्हाई. पयल्या दिवशी शिकिवत्यात. हे तिला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

खोलीच्या काचेतून पलीकडे विनयाची रिकामी खुर्ची दिसत होती, तिच्या पाठीवर तिची ओढणी राहून गेली होती. सांगायचं तर आत्ता, ह्याच माणसाला, ह्याच भाषेत. ह्याहून सोपी वेळ परत येणार नव्हती. जीभ हलवली की झालं असतं.

"नाही," तो म्हणाला. "कुणी सांगितलं नाही."

"नाव काय तिचं?"

"विनया."

युवराजनं वर बघितलं. "आपल्यातलीच की." पिवळ्या बोटांनी त्यानं पाण्याचा पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "नवीन आसंल. लेकरू हाय. तिला रातची झोप लागत नसंल आता. तिला सांगा सायेब, आमच्या मनात तिच्याबद्दल काय न्हाई. आय असती तर तिनं बी हेच म्हटलं असतं. एवढं सांगा."

"सांगतो," पद्माकर म्हणाला.

टेबलावरच्या पॅडचा एक कागद फाडून युवराजनं त्याच्यावर सावकाश आपला मोबाइल नंबर लिहिला. तिला वाटलं तर फोन करू दे, मी काही बोलणार नाही, नुसतं ऐकीन, असं तो म्हणाला. निघताना त्यानं वाकून पद्माकरच्या पायांना हात लावला. परमुलखात आपलं माणूस भेटलं, नीट समजावून सांगितलं, हे उपकार झाले, असं काहीबाही तो बोलत होता. लिफ्टचं दार मिटलं तरी त्याचे जोडलेले हात फटीतून दिसत होते.

शनिवारी सुट्टी होती. कुमुदनं शर्ट धुवायला टाकताना खिसे तपासले, तेव्हा तिला तो कागद मिळाला. कागद घामानं ओलसर झालेला, आकडे फिसकटायला लागलेले. नंबर जायला नको म्हणून तिनं तो दाराजवळच्या पाटीवर मोठ्या अक्षरात उतरवून ठेवला, कागद केरात टाकला आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाचा आहे हो हा?"

"ऑफिसचा," पद्माकर म्हणाला.

फोन पाटीच्या खालीच होता, तिपाईवर. विनयाचं घर त्याच्या गॅलरीतून दिसायचं, दुसऱ्या गल्लीत, तिसरा मजला. तो पाटीसमोर उभा राहिला. दहा आकडे कुमुदनं ठळक काढले होते, बाजूला एक रेघही मारली होती. आतून तिनं आठवण केली, की वैभवी शिबिराला गेली आहे, उद्यासाठी दूध जास्त नको, दूधवाल्याला लिहून ठेवा. त्यानं तळहात पाटीवरून दोनदा फिरवला आणि खडू उचलला. मग स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं, उद्या एकच पिशवी.